चिमणी पडली, विमान उडालं... पुढे काय?

आपल्याकडे विमानतळाचं उद्घाटन करणं सोपं असतं, तिथून विमान उडवणं त्याहून अवघड, आणि तेच विमान सलग तीन वर्षं उडवत राहणं सगळ्यात अवघड. आपले हारतुरे, फ्लेक्स आणि भाषणं मात्र पहिल्या पायरीवरच संपून जातात. या वीकेंडला याच विषयावर लिहायचं ठरवलंय. कारण ऑफिसच्या कँटीनपासून लग्नाच्या पंगतीपर्यंत कुठेही चार सोलापूरकर भेटले की विषय तोच. "आता काय बे, विमान आलं की आपल्याकडं!"

आलं खरं. पण ते कसं आलं हे जरा तारखांसकट बघा. केंद्र सरकारची 'उडान' योजना जाहीर झाली २०१६ च्या ऑक्टोबरमध्ये. २०१७ साली तिच्या पहिल्या फेरीतले मार्ग वाटले गेले, त्यात सोलापूरचं नाव होतं. आणि होटगी रोडच्या विमानतळावरून गोव्याचं पहिलं विमान उडालं ते ९ जून २०२५ रोजी. मुंबईचं विमान त्याच वर्षी १५ ऑक्टोबरला. म्हणजे यादीत नाव येण्यापासून प्रत्यक्ष बोर्डिंग पास हातात पडेपर्यंत आठ वर्षं. एवढ्या वेळात पोरगं पहिलीतून नववीत जातं.

या आठ वर्षांतली बरीचशी खाल्ली ती एका चिमणीने. सोलापूरबाहेरच्या मंडळींसाठी खुलासा: चिमणी म्हणजे पक्षी नव्हे, साखर कारखान्याचं धुराडं! विमानतळाच्या शेजारीच सिद्धेश्वर सहकारी साखर कारखाना आहे. त्याच्या सहवीजनिर्मिती प्रकल्पाची सुमारे ९० मीटर उंचीची चिमणी धावपट्टीच्या जवळच उभी होती. विमानतळवाले म्हणायचे, चिमणी आहे तोवर विमान नाही. कारखानावाले म्हणायचे, चिमणी पाडली तर उसाचं काय? उपोषणं झाली, मोर्चे निघाले, दोन्ही बाजूंनी. कोर्टकचेऱ्या झाल्या. शेवटी १५ जून २०२३ रोजी स्फोटकं लावून ती चिमणी पाडली गेली. टीव्हीवर ते दृश्य तुम्हीही पाहिलं असेल. काही सेकंदांत सगळा मामला आडवा.

आता त्यातलं इंजिनिअरिंग थोडं समजून घेऊ, कारण "एवढ्या मोठ्या आभाळात एका चिमणीचा काय अडसर?" असं विचारणारे खूप भेटतात. धावपट्टीच्या टोकापासून एक तिरका काल्पनिक पत्रा वर चढत जातो अशी कल्पना करा. उपकरणांच्या मदतीने विमान उतरवायची सोय असलेल्या मोठ्या धावपट्टीला हा पत्रा सुरुवातीला साधारण ५० मीटर पुढे गेल्यावर १ मीटर इतकाच चढतो. पुढे थोडा जास्त. या पत्र्यातून काहीही वर डोकावता कामा नये. ना झाड, ना टॉवर, ना चिमणी. हिशोब केला तर उतरायच्या वाटेवर ९० मीटरची वस्तू उभी करायची असेल तर ती चार किलोमीटरच्याही पलीकडे हवी. धावपट्टी ज्या दर्जाची, तसा हा उतार थोडाफार बदलतो, पण मुद्दा तोच राहतो. त्यामुळे चिमणी नको म्हणणारे काही वेडे नव्हते. आणि शेतकरीही वेडे नव्हते. ज्याचा ऊस शेतात वाळतोय त्याला 'अॅप्रोच सरफेस' समजावून सांगायला कोण गेलं होतं? एकाच शहरात विमानतळ आणि कारखाना असे शेजारी शेजारी नांदत होते, आणि चिमणी उभी राहीपर्यंत दोघांचे कागद एका टेबलावर आले नाहीत, हा खरा घोटाळा. असो.

पण माझा आजचा मुद्दा चिमणीचा नाहीच. मुद्दा तिच्या नंतरचा आहे. चिमणी पडली २०२३ च्या जूनमध्ये. विमानतळाचं नूतनीकरण झालं आणि २९ सप्टेंबर २०२४ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते ऑनलाइन उद्घाटनही झालं. टर्मिनल चकाचक, धावपट्टी तयार, फीत कापलेली. आणि विमान? ते आलं आठ महिन्यांनंतर. या आठ महिन्यांत विमानतळ होता, विमान नव्हतं.

आपल्या धंद्यात याला फार ओळखीचं नाव आहे. आपण प्रोजेक्ट 'गो-लाइव्ह' झाला की केक कापतो, ग्रुप फोटो काढतो, मॅनेजर सगळ्यांना ईमेल टाकतो. आणि खरी परीक्षा सुरू होते दुसऱ्या दिवशी सकाळी, जेव्हा पहिला युजर लॉगिन करतो. सिस्टिम चांगली की वाईट हे तिच्या लाँचच्या तारखेवर ठरत नाही, ते ठरतं अपटाइमवर. वर्षातून किती तास ती चालू होती, बंद पडली तर किती वेळात उठली, यावर. सर्व्हर रूम कितीही देखणी असली तरी साइट उघडत नसेल तर क्लायंटला त्या सर्व्हर रूमचं काय लोणचं घालायचंय? माझं म्हणणं एवढंच की लहान शहरांचा विमानतळही याच फूटपट्टीने मोजा. विमानतळ म्हणजे इमारत नव्हे. विमानतळ म्हणजे वेळापत्रक.

हे म्हणायला कारण आहे. लहान शहरांना विमानाने जोडायचा प्रयोग आपण काही पहिल्यांदा करत नाही. १९८१ साली इंडियन एअरलाइन्स आणि एअर इंडिया या दोन सरकारी कंपन्यांनी मिळून 'वायुदूत' काढली. छोटी विमानं, छोटी गावं. पुढे हिंदुस्थान एअरोनॉटिक्सच्या कानपूरच्या कारखान्यात बनलेली डॉर्नियर विमानंही तिच्याकडे आली. मग प्रत्येकालाच आपापल्या जिल्ह्यात वायुदूत हवी झाली, मार्ग वाढत गेले, तोटा वाढत गेला आणि नव्वदच्या दशकात ती गुंडाळली गेली. २००३ मध्ये कॅप्टन गोपीनाथांची एअर डेक्कन आली. स्वस्त तिकिटं आणि लहान शहरं असा मंत्र. काही वर्षांतच ती किंगफिशरकडे गेली. किंगफिशरच्या काळात सोलापूर-मुंबई विमानही काही दिवस उडत होतं, ते बंद पडलं, आणि २०१२ मध्ये किंगफिशरच जमिनीवर आली. मग 'उडान'. उडानमध्ये पुन्हा एअर डेक्कनचं नाव दिसलं, १८-१९ आसनांची चिमुकली विमानं घेऊन. डिसेंबर २०१७ मध्ये जळगाव आणि एप्रिल २०१८ मध्ये कोल्हापूर मुंबईशी जोडलं गेलं. फेऱ्या कधी व्हायच्या, कधी नाही, आणि २०२० मध्ये कोविडच्या तडाख्यात तीही कंपनी थांबली.

चार दशकं, चार प्रयोग, आणि प्रत्येक वेळी उद्घाटनाचा फोटो मात्र तोच. फक्त माणसं आणि मोबाइल बदलले.

उडान योजना कागदावर हुशारीने आखलेली आहे, हे आधी मान्य करतो. लहान मार्गावर विमान कंपनीला तोटा होणार हे गृहीत धरून तो तोटा सरकार तीन वर्षं भरून देतं. त्याला 'व्हायबिलिटी गॅप फंडिंग' असं भारदस्त नाव आहे. बदल्यात निम्म्याच्या आसपास तिकिटं ठरावीक दरात विकायची. सुरुवातीला तासाभराच्या प्रवासाला २,५०० रुपये असा तो दर होता. तीन वर्षं त्या मार्गावर दुसरा स्पर्धक नाही. विमानतळाची काही शुल्कं माफ, इंधनावरचा कर कमी. आणि पैसा कुठून येतो? मोठ्या मार्गांवरच्या विमानांवर लावलेल्या एका आकारातून, आणि काही वाटा राज्यांकडून. म्हणजे तुम्ही पुणे-दिल्ली किंवा मुंबई-बेंगळुरू असा प्रवास केलात तर तुमच्या तिकिटातला थोडासा पैसा कुठल्या तरी लहान गावाच्या विमानात गेलेला आहे. सोलापूर-मुंबई मार्गासाठी तर २०२५ मध्ये राज्य सरकारनेही असाच तोटा भरून द्यायचं ठरवलं. तेव्हा "आपल्याला काय त्याचं" म्हणून हा विषय सोडून देऊ नका. बिल आपणच भरतोय.

आता निकाल बघा. कॅगने, म्हणजे देशाच्या महालेखापरीक्षकांनी, २०२३ मध्ये उडानचा अहवाल दिला. पहिल्या तीन फेऱ्यांत ७७४ मार्ग वाटले गेले. त्यातले ४०३ सुरूच झाले नाहीत. सुरू झाले ३७१. त्यातल्या फक्त ११२ मार्गांनी तीन वर्षांचा पूर्ण काळ काढला. आणि सरकारी मदत संपल्यावरही मार्च २०२३ पर्यंत तग धरून होते किती? ५४. म्हणजे शंभरातले सात! आपल्या कंपनीत एखाद्या टीमने शंभर मॉड्यूल हातात घेऊन सात प्रॉडक्शनमध्ये टिकवले असते तर त्या वर्षीच्या अप्रेझलला काय झालं असतं याची कल्पना करा :)

हे असं का होतं? नुसतं "कंपन्या चोर आहेत" म्हणून भागत नाही. लहान कंपनीकडे विमानं मोजकी असतात. एकच विमान सकाळी एका गावाहून निघतं आणि दिवसभर पाच-सहा उड्या मारतं. सकाळच्या उडीला तासभर उशीर झाला की संध्याकाळपर्यंत तो उशीर साखळीतल्या प्रत्येक गावाला प्रसादासारखा वाटला जातो. जास्तीचं विमान उभं नसतं, जास्तीचा पायलट नसतो. विमान रात्री मुक्कामाला मोठ्या शहरात असतं, त्यामुळे लहान गावाची पाळी कायम मधली. वर लहान विमानतळ ठरावीक तासच उघडा. उपकरणांची मदत नसेल तर वैमानिकाला डोळ्यांनी बघून उतरायचं असतं, आणि त्याला साधारण ५ किलोमीटरपर्यंत स्वच्छ दिसावं लागतं. पावसाळ्यात नाहीतर हिवाळ्यातल्या सकाळी धुकं आलं की विमान वरच्या वर परत. यातलं एकही कारण उद्घाटनाच्या भाषणात येत नाही.

आता आपण एक साधा हिशोब करू. (इंजिनिअर माणूस, हिशोबाशिवाय चैन पडत नाही.) सोलापूरहून मुंबईला वंदे भारत जाते, फेब्रुवारी २०२३ पासून. ४५५ किलोमीटर, साधारण साडेसहा तास. विमानाचा प्रवास तासाभराचा. आधी विमानतळावर पोहोचणं आणि नंतर मुंबईच्या ट्रॅफिकमधून बाहेर पडणं धरून समजा दारापासून दारापर्यंत चार-साडेचार तास. रेल्वेचंही पुढचं-मागचं धरलं तर विमानाने वाचतात सुमारे ३ तास. छान. पण विमान रद्द झालं तर? त्या दिवशीची गाडी गेलेली, दुसरं तिकीट नाही, म्हणजे किमान अर्धा दिवस गेला, धरा १२ तास. आता दहातलं एक विमान रद्द होतं असं फक्त गृहीत धरा. नऊ वेळा ३ तास वाचले, म्हणजे २७. एकदा १२ गेले. उरले १५. दहा प्रवासांवर वाटले तर दर प्रवासाला दीड तास. म्हणजे दहातलं एक विमान बुडालं की विमानाचा निम्मा फायदा बुडाला. आणि पाचातलं एक बुडालं तर फायदा थेट शून्य! त्यापेक्षा हुतात्मा एक्स्प्रेसने पुण्यापर्यंत शेंगाचटणी खात गेलेलं परवडलं.

आणि हा झाला कागदावरचा हिशोब. प्रत्यक्षात माणूस याहून सावध असतो. ज्याचा सकाळी दहाला इंटरव्ह्यू आहे, व्हिसाची अपॉइंटमेंट आहे, टाटा हॉस्पिटलमधली तारीख आहे, तो एकदा फसला की पुन्हा विमानावर भरवसा ठेवत नाही. तो आदल्या रात्रीची सिद्धेश्वर एक्स्प्रेस पकडतो. मग विमान रिकामं जातं, रिकामं जातं म्हणून फेऱ्या कमी होतात, फेऱ्या कमी होतात म्हणून आणखी माणसं सोडून जातात. शेवटी कोणीतरी निष्कर्ष काढतो, "सोलापूरला मागणीच नाही." मागणी होती हो. भरवसा नव्हता.

दुसरा मुद्दा मार्गांचा. विमान कुठे जावं हे कोण ठरवतं? ज्या गावाची माणसं जिथे खरोखर जातात तिथे विमान गेलं तर ते टिकायची शक्यता वाढते. शिर्डी बघा. १ ऑक्टोबर २०१७ रोजी काकडीचा विमानतळ सुरू झाला. देशभरातून साईभक्त येत होतेच, विमानाला फक्त त्यांच्या वाटेवर उभं राहायचं होतं. कोल्हापूर बघा. तिथल्या विमानतळाचा इतिहास १९३९ पासूनचा, राजाराम महाराजांच्या काळातला. पण २०१८-१९ मध्ये तिथे जीव आला तो मुंबईपेक्षाही हैदराबाद, बेंगळुरू आणि तिरुपतीच्या विमानांनी. बालाजीला जाऊन आल्यावर अंबाबाईचं दर्शन घ्यायची प्रथा आहेच. कोणीतरी ती नकाशावर पाहिली. उलट उदाहरण सिंधुदुर्गाचं. चिपीचा विमानतळ ९ ऑक्टोबर २०२१ रोजी केवढ्या थाटात सुरू झाला! पण २०२३ च्या जानेवारीत शेजारी गोव्यात मोपाहून विमानं उडू लागली. सावंतवाडीच्या माणसाला मोपा जवळ, फेऱ्या भरपूर, दर बरे. चिपीची मुंबईची सेवा २०२४ मध्ये थांबली. चिपीची धावपट्टी काही आखूड झाली नव्हती. शेजारचं वेळापत्रक मोठं झालं होतं.

मग सोलापूरचा माणूस जातो कुठे? पुण्याला, मुंबईला आणि हैदराबादला. पुण्याला विमान नको. अडीचशे किलोमीटरचा चौपदरी रस्ता आहे. पण हैदराबाद? सोलापूरच्या पूर्व भागात फिरून बघा. पद्मशाली समाजाची हजारो घरं, मराठीइतकीच तेलुगू घरात, नातीगोती थेट तेलंगणात. चादरी आणि टॉवेलचा सगळा व्यवसाय या लोकांच्या हातांनी उभा राहिला. तिरुपतीला जाणारे इथे घराघरात. आणि आमच्या पिढीतली निम्मी पोरं बेंगळुरू-हैदराबादच्या आयटी पार्कात. उलट दिशेने यायला तुळजापूर, अक्कलकोट, पंढरपूर, गाणगापूर ही सगळी देवस्थानं दीड-दोन तासांच्या आत. एवढा मालमसाला असलेलं शहर महाराष्ट्रात दुसरं दाखवा! गोव्याच्या विमानाला माझा विरोध नाही, दोन दिवस सुट्टी काढून कोणाला जायचं नसतं? पण शहराचं विमान शहराच्या नात्यागोत्यांवर आणि धंद्यावर टिकतं, सुट्टीवर नाही.

तिसरा मुद्दा बोरामणीचा. हैदराबाद रस्त्यावर बोरामणीला मोठा, आंतरराष्ट्रीय विमानतळ करायचं स्वप्न कित्येक वर्षांपासून दाखवलं जातंय. जमीन घेतली गेली, वनजमिनीचा आणि माळढोकाच्या अधिवासाचा प्रश्न आला, फाइल अडकली. दर निवडणुकीला ती फाइल झटकून बाहेर निघते. माझं मत विचाराल तर ती तूर्त कपाटातच राहू द्या. होटगी रोडचा विमानतळ शहराला चिकटून आहे, स्टेशनपासून रिक्षाने जाण्याइतका जवळ. लहान विमानतळाला ही केवढी मोठी देणगी! तासाभराच्या विमानासाठी तासभर आधी शहराबाहेर जायला लागलं तर वाचवलेला वेळ तिथेच संपला. जो सर्व्हर पाच टक्के लोडवर चालतोय तो भरायच्या आधी शेजारी दहापट मोठा सर्व्हर मागणाऱ्याला आपण काय म्हणतो? आधी हा भरून दाखवा. भरभरून वाहू लागला की बोरामणीचं नाव मीच घेईन.

यावर मला ठरलेली उत्तरं मिळणार आहेत. पहिलं उत्तर: "एसटीही तोट्यातच चालते, मग विमानाचा तोटा का टोचतो?" बरोबर आहे, सेवेसाठी तोटा सोसायला माझी ना नाही. पण एसटी लाल असो की डबडी, ती येते. आपण तोटा सोसतो तो गाडी येण्याचा. विमान न येण्याचा तोटा कशाला सोसायचा? दुसरं उत्तर: "विमानतळ असेल तरच उद्योग येतील, आयटी येईल." अर्धं खरं. टॉवेल बघायला येणाऱ्या परदेशी खरेदीदाराला सकाळी येऊन संध्याकाळी परतता यावं, ही गरज खरी आहे. पण तो खरेदीदार टर्मिनलचा काचेचा दर्शनी भाग बघून येत नाही. तो तिकीट काढायच्या साइटवर जातो आणि मंगळवारी विमान आहे का, बुधवारी परतीचं आहे का, एवढंच बघतो. उद्योग येतात ते वेळापत्रकाकडे बघून, फोटोकडे बघून नाही.

मग करायचं काय? माझ्या मते चार साध्या गोष्टी. एक, दर महिन्याला दर मार्गाचा हिशोब विमानतळाच्या दारात फळ्यावर लागावा: ठरलेल्या फेऱ्या किती, झालेल्या किती, वेळेवर किती, माणसं किती. डीजीसीएची मासिक आकडेवारी निघते, पण वेळेवर निघण्याचं प्रमाण त्यात मोजक्या मोठ्या विमानतळांचंच असतं. लहान गावाची घड्याळं कोणी बघतच नाही. दोन, सरकारी मदतीचा मोठा हिस्सा या फळ्याला जोडावा. आपल्या प्रत्येक सपोर्ट काँट्रॅक्टमध्ये अपटाइम कमी पडला की पैसे कापायचं कलम असतं. इथे का नको? आणि ज्याने वर्षभर नेमाने उडवलं त्याला बक्षीसही द्या. तीन, विमान रद्द झालं की त्याच तिकिटावर त्याच दिवशीच्या रेल्वेत जागा मिळावी. थोड्या जागा त्यासाठी राखून ठेवल्या तर भरवशाचा अर्धा प्रश्न सुटतो. दोन्ही खाती केंद्राचीच आहेत, सॉफ्टवेअर लिहायला माणसं मी देतो! चार, विमानाच्या वेळेला जोडलेली एक साधी सिटी बस, स्टेशन आणि एसटी स्टँडवरून. टर्मिनलमधल्या कॉफीच्या दुकानापेक्षा ती जास्त कामाची.

शेवटी एक गोष्ट, जी हिशोबात मांडता येत नाही. सोलापूरसारख्या शहरांत आज गल्लीगल्लीत एक चित्र आहे. मुलं पुण्यात, हैदराबादेत, बेंगळुरूत, काही न्यू जर्सीत. घरी आईवडील दोघंच, साठी-सत्तरीतले. दिवाळीला आणि गड्ड्याच्या यात्रेला घर भरतं, बाकी वर्षभर व्हिडिओ कॉल. अशा घरातून कधीतरी रात्री दोन वाजता शेजारच्या काकांचा फोन येतो. त्या क्षणी माणूस बघत नाही की आपल्या गावाच्या विमानतळाचं छत कुठल्या शैलीत बांधलंय. तो एकच गोष्ट बघतो. सकाळी विमान आहे का, आणि आहे म्हणतात तर ते नक्की उडेल का? याचं उत्तर "बहुतेक" असेल तर तो गाडी काढून रात्रभर हायवे तुडवतो, झोप नसताना, डोळे चोळत. हा विमानतळ आपल्याला हवा होता तो त्या माणसाला "हो" म्हणता यावं म्हणून.

सोलापूरकरांनी चिमणीसाठी एवढी वर्षं भांडून घेतलं, दोन्ही बाजूंनी. त्यातली थोडी शक्ती आता वेळापत्रकासाठी राखून ठेवू या. गोव्याच्या पहिल्या विमानाला ९ जून २०२८ रोजी तीन वर्षं होतील, मुंबईच्या विमानाला त्याच वर्षी १५ ऑक्टोबरला. मी दोन्ही तारखांना फोनमध्ये रिमाइंडर लावून ठेवलाय. त्या दिवशी फ्लेक्स कोणी लावणार नाही, भाषणही होणार नाही. तुम्ही फक्त तिकिटाच्या साइटवर जाऊन 'सोलापूर' टाइप करा आणि काय दिसतं ते बघा. विमानतळाचं खरं उद्घाटन झालं की नाही, ते त्या दिवशी कळेल.